बारापैकी तीन

प्रिय बुटके,

राहायला चांगलं कुठं, आपल्या गावात की इथं? महिन्यापूर्वी तू हे मेसेजमध्ये विचारलंस आणि वर बजावलंस, की गोलगोल बोलायचं नाही, एका शब्दात सांगायचं. मी एक हसरा चेहरा पाठवून वेळ मारून नेली. खरं सांगते, मला उत्तर येत नाही. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर तुझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं असतं आणि वर तुलाच वेड्यात काढलं असतं. आज कागद घेऊन बसले आहे, कारण फोनवर मी फार सफाईनं खोटं बोलते हे माझ्या लक्षात आलं आहे. कागदावरही खोटं लिहिता येतं, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण निदान तुला लिहिताना हात अडतो. पाकिटावर तुझ्याऐवजी आईचं नाव बघून तू चमकली असशील. चूक झालेली नाही. नेहमीसारखं आईला समोर बसव, तिच्या हातातलं काम बाजूला ठेवायला लाव आणि मोठ्यानं वाच. मध्ये एक-दोन ठिकाणी गाळावंसं वाटेल. गाळू नकोस. (आणि हो, आता तू माझ्याहून चार बोटं उंच झाली आहेस हे मला माहीत आहे. तरी बुटकीच.)

आधी आपलं गाव. मी चालायच्या आधी 'शी' म्हणायला शिकले, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि त्यातूनच मी सगळ्यांची शीताई झाले. पण माझं काय चुकत होतं? कातडी कमावायच्या कारखान्याचा नाला आपल्या इमारतीच्या मागून उघडा वाहायचा आणि उन्हाळ्यात त्याच्यावर निळसर साय धरायची. चुना, केस आणि कुजकं मांस, असा तिपेडी वास. तो कपड्यांत असायचा, पिठात असायचा, पुस्तकाचं पान उलटलं की पानाखाली असायचा. चार घरांत एक संडास, त्याच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून एका हातानं दार ओढून धरून बसायचं आणि बाहेरच्या रांगेतली माणसं आपल्याबद्दल बोलतात ते ऐकायचं. जिन्याच्या वळणावर थुंकीचे थरावर थर. कोपऱ्यावरचा चहावाला एकाच फडक्यानं पेले पुसायचा, टेबल पुसायचा आणि मान पुसायचा, आणि बाबा तिथंच बसून मजेत चहा प्यायचे. बाबा कारखान्यात ओली कातडी उचलायचे. त्यांनी माझ्या वहीला हात लावला की मी ते पान रबरानं पुसायची, त्यावर काही लिहिलेलं नसलं तरी. त्यांनी ते एकदा पाहिलं. त्यानंतर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, दाखव बघू आज काय लिहिलंस. मी पान उलटायची, ते लांबून बघायचे. मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, शिकले एकदाचे.

लोक जिद्दीवर शिकतात म्हणतात. मी किळसेवर शिकले. तिथून बाहेर पडायचं, इतकंच डोक्यात होतं. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर. तो फोटो बाबांनी चौकट करून नेमका भिंतीच्या ओल आलेल्या जागी लावला. ओल झाकायला की पदवी दाखवायला, ते त्यांनाच ठाऊक.

आणि आजोबा. तू आठ वर्षांची होतीस, मी सोळाची. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं होतं, आठवतं? दोन दिवस व्हरांड्यात जमिनीवर ठेवलं, चादर आपलीच, आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं सांगितलं की घरी न्या, इथं ठेवून काय करणार. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीखालची चादर काढताना मी बाहेर जाऊन ओकले होते. मग चौदा महिने ते आपल्या खोलीत, पडद्यामागे. घड्याळं दुरुस्त करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या उशाशी एकही चालू घड्याळ नव्हतं. आईचं घड्याळ वेगळंच होतं. कारखान्याचा भोंगा झाला की कूस बदलायची, नळाला पाणी आलं की बदलायची, शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली की बदलायची. आणि दर वेळी पडद्याशी थांबून विचारायची, "येऊ का?" आजोबांना बोलता येत नव्हतं. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं, ज्या बोटानं ते चिमटा धरायचे ते. ते बोट वर होईपर्यंत आई पडद्याशी उभी. कधीकधी व्हायचंच नाही. मग ती परत जाऊन भाजी चिरायला बसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन विचारायची. सगळी खोली घाणीनं भरलेली आहे, पुसायला आपणच जाणार आहोत, आणि ही बाई परवानगी मागते आहे. मला संताप यायचा. मी पुस्तकं घेऊन जिन्यात बसायची, त्या थुंकीच्या कोपऱ्यापासून दोन पायऱ्या वर, कारण तो वास त्या वासापेक्षा बरा होता.

आत्या आठवते ना? महिन्यातून एकदा यायची, अत्तर लावलेला रुमाल नाकाला धरून उंबऱ्यातच बसायची. आमचे बाबा बरे आहेत ना, असं पडद्यामागच्या आजोबांकडे बघून आईला विचारायची, स्वतःच हो म्हणायची आणि उठायची. ती गेली की आई हसून म्हणायची, आमची मोठी आत्यावर गेलीय. मला ते फार लागायचं. रुमाल नव्हता माझ्याकडे, एवढाच फरक.

आता इथलं सांगते. आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी तुम्हाला काय काय सांगितलं ते आठवून आज मलाच लाज वाटते. इथं नाक मोकळं ठेवून चालता येतं, असं मी म्हणाले होते. तू विचारलंस, माश्या नाहीत हे खरं का? खरं आहे. इथल्या लोकांच्या नाकावर माशी बसत नाही ती दोन्ही अर्थांनी. रस्ता पुसल्यासारखा, दारं आपोआप उघडतात, कचऱ्याच्या डब्यालाही झाकण आणि झाकणालाही साबणाचा वास. माझी अशी प्रामाणिक समजूत होती की जिथं स्वच्छता तिथं चांगुलपणा. घाण ही मनातच असते आणि मग ती बाहेर नाल्यात येते, असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते आणि पहिला नंबर काढला होता. इथली ती पांढरी इमारत पाहून मला वाटलं, हा माझ्या भाषणाचा पुरावा आहे.

त्या इमारतीत मी काय करते ते मी तुम्हाला 'ऑफिसात असते' म्हणून सांगितलं. बाबांनी ते कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. मी ऑफिसात नसते. हे म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान आहे आणि मी तिथं अकरा जणांना उठवते, पुसते, भरवते, त्यांचे लंगोट बदलते आणि ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस बदलते. आई करायची तेच. फक्त हातमोजे घालून. तुझ्यासाठी मी जी जागा बघून ठेवली होती, ती शेजारच्या मजल्यावरची हीच जागा. तुला मी 'मदतनीस' असं मोघम सांगितलं होतं. तू त्यासाठी कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडलीस, आठ महिने इथल्या भाषेचा क्लास केलास, स्वयंपाकघराच्या भिंतीवर क्रियापदं चिकटवलीस, आणि शेजारपाजारचे तुला आत्तापासूनच 'फॉरेनवाली' म्हणतात, हे सगळं मला माहीत आहे. नवी बॅग कॉटखाली ठेवलीस आणि रोज काढून पुसतेस, असं आईनं सांगितलं.

आमच्यावर देखरेख करणारी जी बाई आहे तिला आम्ही आपसात इस्त्री म्हणतो, हे नाव मीच पाडलं. तिच्या कपड्यांना चुणी नाही आणि चेहऱ्यालाही नाही. ती वाईट बाई नाही, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे तुला सोपं जाणार नाही. माझ्याकडे जाड कोट नव्हता तेव्हा तिनं स्वतःचा आणून दिला, मी अजून तोच घालते. पहिल्या दिवशी तिनं मला काम शिकवलं. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कागद लटकवलेला असतो, त्यात बारा चौकोन. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चौकोनात टिक करायची. दिवसाच्या पाळीच्या सहा, रात्रीच्या सहा. तिनं सांगितलं, सकाळी आलीस की आधी सगळ्या खोल्यांतल्या सहाच्या सहा टिक करून टाक, म्हणजे दिवसभर पेन शोधत बसावं लागत नाही आणि काम सुटसुटीत होतं. मी विचारलं, न केलेल्या कामाची खोटी टिक कशी करायची? ती माझ्याकडे प्रेमानं बघून म्हणाली की खोटी नाही, आगाऊ. म्हणजे तिच्या भाषेत जो शब्द होता त्याचं मराठी केलं तर तेच होईल. आगाऊ म्हणजे वेळेआधीची, आणि आगाऊ म्हणजे तू लहानपणी होतीस तशी. त्या टिका दोन्ही अर्थांनी आगाऊ होत्या.

पहिले दोन आठवडे मी ऐकलं नाही. कूस बदलायची, मग दाराशी जाऊन टिक करायची. बाकीच्या हसायच्या, पदवीधर आली, पेन घेऊन फिरते, म्हणायच्या. माझं काम मागं पडायचं, जेवणं उशिरा व्हायची, आणि मग कोणीतरी म्हातारा भुकेनं रडायचा. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी आठला सहा टिक केल्या. दोन महिन्यांनी तर मी अकरा खोल्यांच्या टिका चार मिनिटांत करायची, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. अंगवळणी पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ते इतकं गुळगुळीत असतं की अंगाला पत्ताही लागत नाही. कूस मग जमेल तेव्हा बदलायची. दोनची राहिली तर चारला. चारची राहिली तर… कागदावर तर झालेलीच आहे.

माझ्या अकरांतल्या एक म्हणजे गणितबाई. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं त्यांनी. आता त्यांना मुलगा ओळखू येत नाही, सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही, पण आकडे पक्के. मी आले तेव्हा इथल्या भाषेतले आकडे मला नीट म्हणता येत नव्हते, तर त्यांनी मला पाढे म्हणायला लावून ते शिकवले. चुकलं की पांघरुणावर टिचकी मारायच्या. पडल्यापासून त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. भिंतीवर समोरच मोठं घड्याळ आहे, दिवसभर त्या त्याच्याकडे बघत असतात. मला वाटायचं, बिचाऱ्यांना विरंगुळा आहे.

साधारण महिन्यापूर्वी त्यांच्या पाठीच्या शेवटच्या हाडावर मला लालसर दिसलं. मी मलम लावलं, नर्सला सांगायचं असं मनात म्हटलं, आणि बाहेरून कोणीतरी हाक मारली. नंतर आठवडाभर त्यांची आंघोळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला होती. मग एका सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. खोली नेहमीसारखी लखलखीत, लिंबाच्या फवाऱ्याचा वास. आणि त्या लिंबाच्या खाली, अगदी तळाशी, आपला नाला. चुना नव्हता, केस नव्हते, पण तिसरी गोष्ट होती. बुटके, मी तिथं दारातच थबकले. माझ्या नाकाची तुम्ही सगळ्यांनी जन्मभर थट्टा केलीत, आणि त्या क्षणी त्या अख्ख्या इमारतीत फक्त मला कळलं की इथं काय आहे. मी पांघरूण उचललं. अंगठा आत जाईल एवढी जखम. कडेचं कातडं काळं. हातमोजे घातलेले होते तरी मी हात कपड्याला पुसले.

मी कशासाठी तरी मागे वळले, तर दारावरचा कागद दिसला. बाराच्या बारा टिका. सरलेल्या रात्रीच्या सहा दुसऱ्या कुणाच्या, दिवसाच्या सहा माझ्या, माझ्या त्या वळणदार अक्षरातल्या. दुपारी चारला मी गणितबाईंची कूस बदललेली होती. संध्याकाळी सहालाही बदललेली होती. भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेदहा वाजत होते.

मला काय सुचलं कोण जाणे, मी मराठीत विचारलं, "येऊ का?" त्यांना त्यातलं काय कळणार? पण त्या घड्याळावरची नजर काढून माझ्याकडे वळल्या, आणि वर्गात मार्क वाचून दाखवावेत तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बारापैकी तीन."

मग मान भिंतीकडे फिरवली.

विरंगुळा नव्हता तो. त्या मोजत होत्या. आदल्या सकाळपासून बारा वेळा कूस बदलायला हवी होती, तीन वेळा बदलली गेली. आपल्या घरातली पहिली पदवीधर नापास झाली, आणि तपासणाऱ्या बाईंनी एकही चूक केली नव्हती.

आता तो भाग, जो तू गाळशील. गाळू नकोस. तिथं भिंतीकडे वळलेल्या त्या मानेकडे बघत उभी असताना मला कळलं, की हे मला इथं कोणी शिकवलेलं नाही. आई तापानं फणफणली होती तो दिवस आठव. आईनं मला हाक मारून सांगितलं होतं की तीनचा भोंगा झाला की आजोबांची कूस बदल, मला उठवत नाही. मी जिन्यात होते. भोंगा झाला. मी ऐकला. मी पान उलटलं. अर्ध्या तासानं आईनं आतून विचारलं, बदललीस का गं, आणि मी जिन्यातूनच म्हणाले, बदलली. माझी पहिली आगाऊ टिक ती. नंतर आत आले तर तू पडद्यामागे होतीस. आठ वर्षांची, एवढीशी, भिंतीला पाय रोवून आजोबांच्या पाठीखाली उशी सरकवत होतीस. घामाघूम. अर्धीच गेली होती उशी, पण गेली होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि आईला काही सांगितलं नाहीस. आजपर्यंत नाही. आजोबा गेले तेव्हा दाखला द्यायला आलेल्या डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवून पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं. आई घाबरली, म्हणाली, काही चुकलं का. ते म्हणाले, चौदा महिने अंथरुणात आणि पाठीला एक डाग नाही, मी असं पाहिलं नाही. आईला कळेचना यात एवढं काय. मी तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं रडले, लोक म्हणाले नातीचा फार जीव होता.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तिथं चांगलं होतं असं म्हणू? तिथल्या दवाखान्यानं आजोबांना चादरीसकट जमिनीवर टाकलं होतं. आईनं सगळं केलं ते दुसरं कोणी करणारं नव्हतं म्हणून, आणि त्या चौदा महिन्यांत ती खाली रस्त्यावर किती वेळा उतरली ते मला एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. तिची पाठ त्यात कायमची गेली. तिची कूस कोणी बदलली? आत्या अत्तर लावून आली, बाबा कोपऱ्यावर चहा पीत बसले, मी जिन्यात. ते गाव ओंगळच होतं, मी काही इथून त्याला हार घालणार नाही. पण तिथली घाण उघड्यावर वाहायची, सगळे तिला नाक मुरडायचे. इथं मी त्या लिंबाच्या फवाऱ्यानं रोज स्वतः घाण झाकत होते, आणि शिसारी यावी अशी गोष्ट ही, की मला शिसारी येत नव्हती. ज्या मुलीला बापाच्या बोटांची किळस यायची तिला ती टिक करताना काहीच वाटत नव्हतं.

गणितबाईंना दवाखान्यात हलवलं. त्यांचा मुलगा मालट्रक चालवतो, महिन्यातून एकदा येतो. मोठा, थकलेला माणूस. त्यानं दारावरचे महिन्याभराचे कागद नीट वाचले, एकेका चौकोनावर बोट ठेवून, आणि मग माझ्याकडे येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, एवढं सगळं करूनही असं झालं, तर नशीब म्हणायचं; तुम्ही लोकांनी काही कमी केलं नाहीत. मला त्याचे हात झटकून टाकावेसे वाटले. माझे हात त्याच्या हातात होते, त्याची मला किळस आली. माझ्या हातांची.

त्याच संध्याकाळी इस्त्रीनं एक निवेदन तयार केलं. कूस वेळच्या वेळी बदलली जात होती, नोंदी सोबत जोडल्या आहेत, जखम वयामुळे झाली. त्या मजल्यावरच्या आम्ही चौघी. तिघींनी सही केली. माझ्यासोबत खोलीत राहते ती स्वयंपाकीण मला म्हणाली की तू काय एकटीनं सगळ्यांचा न्याय करणार आहेस का, तिघींच्या घरी पोरं आहेत. खोटं नव्हतं तेही. इस्त्रीनं मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर दोन कागद होते. एक ते निवेदन. दुसरं तुझं इथल्या नोकरीचं बोलावणं, शिक्का मारलेलं, फक्त पाकिटात घालायचं राहिलेलं. तिनं धमकी दिली नाही, बुटके. धमकी दिली असती तर मला शूर होता आलं असतं. ती एवढंच म्हणाली की तुझ्या बहिणीचं आजच टपालात टाकायचं म्हणते आहे. मी विचार करून सांगते म्हणाले आणि दहा दिवस विचार केला. त्या दहा दिवसांत तू मला बॅगेचा फोटो पाठवलास. मी त्यावर लाल बदाम पाठवला.

आणि आता हे पत्र कशासाठी ते. तुझं बोलावणं येणार नाही. मी निवेदनावर सही केली नाही; माझं वेगळं लिहिलं. इथल्या भाषेत, शब्दकोश घेऊन, दोन पानं. आठला सहा टिका कशा होतात, साडेदहाला चारची टिक कशी दिसते, लाल डाग मी कधी पाहिला आणि सांगितला नाही, सगळं. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं नाही, माझं घातलं. वर शीर्षक म्हणून लिहिलं, बारापैकी तीन. एक प्रत तपासणी खात्याच्या कार्यालयात दिली, एक इस्त्रीच्या टेबलावर ठेवली, एक मुलाच्या हातात. तो वाचता वाचता खाली बसला आणि त्यानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. तेच बरोबर होतं. इस्त्रीनं माझी पानं शांतपणे वाचली, तुझं बोलावणं घेतलं, कागद कातरायच्या यंत्रात सोडलं आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला तुझी माणसं आहेत." मी तिचा कोट काढून खुर्चीवर ठेवला. आठवड्याअखेर माझी नोकरी संपते, पुढचं अजून काही ठरलेलं नाही. मी लगेच परत येत नाही; तपासणीसाठी मला थांबावं लागेल आणि मी थांबणार आहे. तू दुकानात परत विचार, ते घेतील. आणि नाही घेतलं तर ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. मी मनाशी म्हणून पाहिलं की बरंच झालं, नाहीतर ज्या मुलीनं भिंतीला पाय रोवून उशी सरकवली तिला यांनी तीन आठवड्यांत माझ्यासारखी केली असती. पण हे मी माझ्या सोयीसाठी म्हणते आहे की खरंच, ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून तू ते मोजू नकोस. मोजायचं ते हे: मला आधी तुला विचारायला हवं होतं. आई, तू ऐकते आहेस ना, तू पडद्याशी थांबायचीस तसं मी दाराशी थांबायला हवं होतं, बोट वर होईपर्यंत. मी विचारलं नाही. बुटकी नको म्हणेल अशी भीती वाटली, आणि कर म्हणाली तर हे ओझं तिचं होईल अशी त्याहून जास्त. त्या भोंग्याचं मी तुला दहा वर्षं सांगितलं नाही, ते आज तिच्या तोंडून तुला कळतं आहे. त्या दिवशी मी बदलली नव्हती, आई. आणि बाबांना सांग, मी ऑफिसात नव्हते. हे सगळं ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे, फोनवर मला समजावू नका. बदलण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. काल दुपारी मी ती पानं तपासणी खात्यात दिली. त्यांच्यावर तारीख आणि वेळ घालायची जागा होती, ती मी शेवटपर्यंत कोरी ठेवली. पानं टेबलावर ठेवून झाली, घड्याळाकडे पाहिलं, आणि मग लिहिलं, दोन वाजून दहा मिनिटं.

तुझीच, नाक तेवढं शाबूत असलेली,
शीताई